रुडॉल्फ डिझेल : दाबावर चालणाऱ्या इंजिनाचे जनक



पेट्रोल पंपावर, एसटीच्या आगारात, शेतातल्या विहिरीवर आपण ‘डिझेल’ हा शब्द कितीतरी वेळा ऐकतो. पण डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या माणसावरून इंजिनाला नाव पडलं आणि इंजिनावरून तेलाला. आज आपण त्या रुडॉल्फ डिझेल यांची जीवनकहाणी पाहणार आहोत. सोबत आणखी एक गोष्ट समजून घेऊया. डिझेल गाडीत इंधनाचा दाब कमी पडला, तर तो दोष शोधायचा कसा? तुम्ही म्हणाल, चरित्राच्या पाठात हे गॅरेजचं काम कुठून आलं? तर डिझेल यांच्या उमेदीची वर्षं याच एका प्रश्नाशी झुंजण्यात गेली, म्हणून.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : रुडॉल्फ ख्रिश्चन कार्ल डिझेल
जन्म : १८ मार्च १८५८, पॅरिस (फ्रान्स)
आई-वडील : एलिझे व थिओडोर डिझेल (दोघेही मूळचे जर्मन)
शिक्षण : ऑग्सबर्ग व म्युनिक (जर्मनी)
कार्य : डिझेल इंजिनाचा शोध
मृत्यू : २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री जहाजावरून बेपत्ता

बालपण आणि शिक्षण

रुडॉल्फचे वडील पॅरिसमध्ये पुस्तकबांधणीचं आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचं काम करत. घरची परिस्थिती बेताचीच होती. रुडॉल्फ बारा वर्षांचा असताना, १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. फ्रान्समध्ये राहणाऱ्या जर्मन लोकांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब सगळं मागे टाकून लंडनला गेलं. तिथे पोट भरणं कठीण झालं, म्हणून आई-वडिलांनी रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबर्गला काकांकडे पाठवलं.

हे काका तिथल्या औद्योगिक शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या घरात रुडॉल्फ रमला आणि अभ्यासाला लागला. चौदाव्या वर्षीच त्यानं आई-वडिलांना कळवून टाकलं, की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. १८७३ मध्ये शाळेत तो पहिला आला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक लाभले. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांच्या क्षेत्रातलं हे फार मोठं नाव. लिंडे सर उष्णतेचं शास्त्र शिकवत. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा अगदी थोडा हिस्सा कामात आणतं आणि बाकीची उष्णता वाया जाते, ही गोष्ट या वर्गात रुडॉल्फच्या मनात घट्ट बसली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला, तर साधारण दहा किलोचंच काम पदरात पडायचं. ही उधळपट्टी थांबवायची, असं त्यानं ठरवलं.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी, १८७९ मध्ये, विषमज्वरानं तो आजारी पडला आणि परीक्षा हुकली. पण पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८० मध्ये, तो उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंडे सरांच्याच कंपनीच्या बर्फाच्या कारखान्यासाठी तो पॅरिसला गेला. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलं झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात नव्या इंजिनाचा विचार, असा क्रम दहा वर्षं चालला.

कल्पना काय होती?

मुलांनो, सायकलमध्ये हवा भरून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते गरम लागतं. यात घर्षणाचा थोडा भाग असतो, पण मुख्य कारण म्हणजे हवा दाबली की ती तापते.

डिझेल यांनी हाच नियम पकडला. त्यांचं म्हणणं असं, की सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची, की ती स्वतःच लालभडक लोखंडासारखी तापावी. मग त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडायचा. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको. जितका दाब जास्त, तितकं इंधन कमी लागेल.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. १८९३ मध्येच त्यांनी आपला सिद्धांत मांडणारं पुस्तकही छापलं. सुरुवातीच्या गणितात त्यांनी आपल्या भोवतालच्या हवेच्या २५० पट दाब धरला होता. इतका दाब सहन करणारं इंजिन तेव्हा कुणालाही बनवता आलं नसतं. म्हणून त्यांना तो आकडा बराच खाली आणावा लागला. कागदावरचं गणित आणि कारखान्यातलं लोखंड यात अंतर असतं, हा त्यांना मिळालेला पहिला धडा.

स्फोट झाला, पण खात्रीही झाली

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइन्रिश फॉन बुत्स यांनी डिझेल यांच्यावर विश्वास टाकला. क्रुप या बलाढ्य कंपनीनंही पैसे दिले. सुमारे तीन मीटर उंचीचं पहिलं इंजिन उभं राहिलं.

१० ऑगस्ट १८९३ या दिवशी डिझेल यांनी त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. क्षणात मोठा धमाका झाला. सिलिंडरमधला दाब मोजणारं ‘इंडिकेटर’ नावाचं उपकरण फुटून उडालं. दाब ८० पटींपर्यंत गेला होता. आजूबाजूची माणसं थोडक्यात बचावली. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. डिझेल मात्र खूश होते! हवेच्या नुसत्या दाबानं इंधन पेटतं, हे सिद्ध झालं होतं.

तरी इंजिन अजून स्वतःच्या ताकदीवर फिरत नव्हतं. दुरुस्त्या करत करत १७ फेब्रुवारी १८९४ हा दिवस उजाडला. कारखान्याच्या पट्ट्यानं इंजिन फिरवत होते. एका कामगाराच्या लक्षात आलं, की आता पट्टा इंजिनाला ओढत नाहीये, इंजिनच पट्ट्याला ओढतंय. मिनिटाला ८८ फेरे, आणि तेही जेमतेम एक मिनिट. पण इंजिन चाललं!

इंधन आत ढकलायचं कसं?

आता खरी अडचण समजून घ्या. सिलिंडरमध्ये आधीच भोवतालच्या हवेच्या तीसएक पट दाबाची हवा कोंडलेली आहे. अशा जागी इंधन सोडायचं, तर इंधनाचा दाब त्याहून कितीतरी जास्त हवा. फुगलेल्या फुग्यात तोंडानं आणखी हवा फुंकायला किती जोर लागतो, हे तुम्ही अनुभवलंय. शिवाय इंधन धार बनून पडून चालत नाही. त्याचं धुकं व्हावं लागतं, नाहीतर ते अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. आणि हे सगळं क्षणाच्या एका लहानशा भागात, अगदी नेमक्या वेळी घडावं लागतं.

पंपानं इंधन थेट आत दाबायचा प्रयत्न डिझेल यांनी करून पाहिला. पण इतक्या बारकाईचा पंप बनवण्याचं कसब त्या काळी कारखान्यांकडे नव्हतं. मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. एका वेगळ्या कॉम्प्रेसरनं हवा भरपूर दाबून ठेवायची आणि त्या हवेच्या झोतासोबत इंधन आत फुंकायचं. हा उपाय लागू पडला.

१८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. ताकद भरली सुमारे २० अश्वशक्ती आणि कार्यक्षमता आली २६.२ टक्के! वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. ते इंजिन म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात आजही आहे.

पण या कॉम्प्रेसरमुळे इंजिन अवजड झालं. त्यानं तयार केलेल्या ताकदीतला काही वाटा कॉम्प्रेसरच खायचा. त्यामुळे हे इंजिन कारखान्यात, वीजघरात आणि जहाजात बसलं. रस्त्यावरच्या गाडीत काही ते बसेना.

कीर्ती आली, पाठोपाठ तक्रारीही

चाचणीचा आकडा ऐकून देशोदेशींचे उद्योगपती डिझेल यांच्या दारात आले. अमेरिकेतल्या हक्कांसाठी अडोल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा चाळिशीच्या आतच लक्षाधीश झाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, बरं का!

पण नाण्याची दुसरी बाजूही होती. १८९८ मध्ये केम्प्टन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात ६० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं गेलं. ते सुरुवातीला सारखं कुरकुरू लागलं. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. चाचणीच्या वेळी इंजिनाजवळ तज्ज्ञ उभे असत आणि लहानसा बिघाडही लगेच ओळखला जाई. गिऱ्हाइकाकडे मात्र साधा कामगार असे. दोष कुठून शोधायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. लोक इंजिनाला नावं ठेवू लागले. पेटंटवरून वादही सुरू झाले. या सगळ्या ताणानं डिझेल यांची तब्येत ढासळली आणि त्यांना विश्रांतीसाठी उपचारगृहात राहावं लागलं.

ऑग्सबर्गच्या इंजिनिअरांनी मात्र एकेक दोष चिकाटीनं दूर केला. हळूहळू विश्वास परत आला. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर बँकॉकपर्यंत जाऊन आलं.

दाबाचा दोष कसा शोधतात?

आता आपल्या गाडीकडे वळूया. डिझेल यांना हवा होता तसा पंप जर्मनीतल्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं तयार केला. १९२२ मध्ये काम सुरू झालं आणि १९२७ मध्ये पंप मोठ्या प्रमाणावर बनू लागला. अवजड कॉम्प्रेसर गेला आणि ट्रक, बस, ट्रॅक्टर डिझेलवर धावू लागले. १९९७ मध्ये ‘कॉमन रेल’ पद्धत मोटारीत आली. त्यात सगळ्या इंजेक्टरांसाठी एकाच नळीत इंधन प्रचंड दाबानं साठवलेलं असतं. पहिल्याच गाडीत हा दाब १३५० बार होता. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. आज तो २००० बारच्याही पुढे गेलाय.

गाडी लवकर सुरू होत नाही, चढावर दम टाकते, मिसिंग करते, मध्येच बंद पडते. अशा वेळी इंधनाच्या दाबाचा संशय घेतात. चांगला मेकॅनिक थेट महागड्या पंपाला हात घालत नाही. तो टाकीपासून सुरुवात करतो, कारण इंधनाच्या वाटेचे दोन भाग असतात. टाकी, फिल्टर आणि इंधन ओढणारा छोटा पंप हा कमी दाबाचा भाग. मोठा पंप, नळ्या आणि इंजेक्टर हा जास्त दाबाचा भाग. मागून पुरेसं इंधन आलंच नाही, तर पुढचा पंप दाब देणार कशावर?

१. टाकी : डिझेल आहे का, त्यात पाणी किंवा कचरा आहे का? टाकीत हवा जायची वाट बंद असेल तर आत पोकळी तयार होते आणि इंधन पुढे येत नाही. झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली, तर दोष तिथेच.

२. फिल्टर : तुंबलेला फिल्टर हे नेहमीचं कारण. गाडी रिकामी असताना नीट चालते, पण लोड आल्यावर दम तोडते. फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी वेळोवेळी काढावं लागतं.

३. हवा : एखादा जोड सैल असेल किंवा नळीला चीर असेल, तर इंधनासोबत हवा ओढली जाते. हवा दाबली की आकसते, म्हणून पंपाचा जोर हवेतच जिरतो. यालाच गाडीनं हवा धरली म्हणतात. जिथे हातपंप असतो, तिथे तो मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढतात. शेतातल्या डिझेल इंजिनावर हे काम तुम्ही पाहिलं असेल. हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर ती कुठून शिरते ते शोधायलाच हवं.

४. दाबाचा आकडा : कॉमन रेलच्या गाडीत स्कॅनर लावून दोन आकडे पाहतात. इंजिनाच्या संगणकानं मागितलेला दाब किती आणि प्रत्यक्षात मिळालेला किती? कमी दाबाचा भाग ठीक असूनही दोन्हींत मोठी तफावत असेल, तरच पुढच्या भागाकडे वळायचं.

५. इंजेक्टरची परतीची गळती : प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. त्या परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावून पाहतात. एकच बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली, तर दाब त्या इंजेक्टरमधून निसटतोय. सगळ्या सारख्या आणि योग्य प्रमाणात भरल्या, तर दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह आणि शेवटी मोठा पंप तपासायचा.

महत्त्वाची सूचना : ही तपासणी जाणकार मेकॅनिकचीच आहे. जास्त दाबाच्या नळीतून निघणारी बारीक धार दिसतही नाही, पण ती कातडी भेदून शरीरात शिरते. गळती शोधायला बोट कधीही लावू नका. तसं घडलंच, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा. चालू इंजिनाच्या या नळ्या सैल करायच्या नाहीत.

यातलं सूत्र लक्षात आलं का? आधी मोजायचं, मग हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डिझेल यांच्या प्रयोगांतही इंडिकेटर हेच काम करायचं. सिलिंडरमधल्या दाबाची रेघ ते कागदावर काढून दाखवायचं आणि ती रेघ वाचून पुढची दुरुस्ती ठरायची. आजचा स्कॅनर त्याचाच नातू म्हणा ना!

शेवटचा प्रवास

जहाजांवर, कारखान्यांत डिझेल इंजिनं वाढत होती. पण डिझेल यांची स्वतःची अवस्था वाईट झाली होती. जमिनीच्या आणि इतर व्यवहारांत त्यांचा बराच पैसा बुडाला होता. म्युनिकमध्ये आलिशान बंगला होता, बाहेर मानसन्मान होता, पण आतून डोक्यावर कर्ज होतं. घरच्यांनाही त्यांनी याची पुरती कल्पना दिली नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्पहून ते ‘ड्रेस्डेन’ या जहाजानं इंग्लंडला निघाले. तिथल्या डिझेल कंपनीच्या बैठकीला त्यांना जायचं होतं. रात्री जेवण झालं, दहाच्या सुमारास ते खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असं सांगून ठेवलं होतं. सकाळी पाहिलं तर खोली रिकामी. अंथरुणावर कुणी झोपलेलं नव्हतं. डेकच्या कठड्याजवळ त्यांची टोपी आणि घडी घातलेला कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तूंवरून मुलगा ऑयगेन यानं ओळख पटवली. तो मृतदेह डिझेल यांचाच होता.

त्या रात्री नेमकं काय झालं, हे सिद्ध झालेलं नाही. कुणी अपघात म्हणतं, कुणी घातपात. कर्जाच्या ओझ्यानं त्यांनी जीवन संपवलं, असं अनेक चरित्रकारांना वाटतं. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. गाडीला हवा तसा पंप मिळायला अजून चौदा वर्षं बाकी होती. आपल्या नावाची गाडी रस्त्यानं सर्रास धावताना त्यांना पाहायला मिळालीच नाही.

त्यानंतर हे इंजिन जगभर पोहोचलं. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी सुरू झाली. जिथे वीज पोहोचली नव्हती, तिथल्या विहिरीचं पाणीही डिझेल इंजिनानं शेतात आणलं.

आपण काय शिकलो?

मित्रांनो, चिकाटी, अभ्यास, अपयश पचवणं, हे गुण तर डिझेल यांच्याकडून घ्यायचेच. पण मला आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. इंजिनाचा दाब बिघडला की आपण ते लपवत नाही. मेकॅनिकला बोलावतो, टाकीपासून तपासतो. माणसाच्या मनावरही दाब येतो. कधी अभ्यासाचा, कधी पैशाचा, कधी घरातल्या भांडणाचा. तोही लपवायचा नसतो. आई, बाबा, आजी, शिक्षक, मित्र, कुणाला तरी सांगायचा. सांगितलं की दोष सापडतो, आणि सापडलेल्या दोषावर उपाय करता येतो.

स्वाध्याय

१. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का लागत नाही?
२. डिझेल यांनी इंधन आत सोडण्यासाठी कॉम्प्रेसर का वापरला? त्याचा तोटा काय झाला?
३. दोष शोधताना मेकॅनिक टाकीपासून सुरुवात का करतो?
४. उपक्रम : मोठ्यांना सोबत घेऊन गावातल्या गॅरेजला किंवा डिझेल इंजिन असलेल्या शेतावर भेट द्या. इंजिन बंद असताना टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची इंधनाची वाट पाहा आणि वहीत तिची आकृती काढा.